हसलात कोणावर, पोट्टेहो?

वार्षिकांकासाठी तुमच्याकडून उपहासाचे लेख मागवले होते. सगळ्या वह्या वाचून झाल्या आहेत आणि त्यातला एकही लेख मी छापायला देणार नाही. संपादक मंडळातल्या मुलांनी तोंडं पाडू नयेत, कारण सगळ्यात वाईट मंडळानेच लिहिलं आहे. मागच्या बाकांवरचं कुजबुजणं थांबवा. आजचा तास व्याकरणाचा होता, तो उद्या घेऊ. आज जे बोलायचं आहे ते वर्षअखेरीपर्यंत थांबू शकत नाही.

बहुतेक वह्यांमध्ये मला एकच माणूस भेटला. धोतर नेसलेला, खांद्यावर दुपट्टा टाकलेला, वऱ्हाडी बोलणारा म्हातारा कास्तकार. तो अकोल्यात येतो, मॉलमधल्या सरकत्या जिन्याला घाबरतो, एटीएमच्या मशीनशी बोलतो, पिझ्झ्याला भाकर म्हणतो. प्रत्येक वाक्यात ‘काऊन’, ‘बाप्पा’, ‘लेका’. तुम्हाला हसू आलं, मला संताप आला. या वर्गातली निम्मी मुलं बाळापूर, पातूर, तेल्हारा, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर इकडून सकाळच्या एसटीने येतात. ज्याला तुम्ही जिन्यावर पाडलंत तो तुमचा आजा आहे. त्याच्या पऱ्हाटीच्या पैशातून तुमच्या एसटीचा पास निघतो. सरकता जिना त्याला चढता येत नसेल, पण सोसायटीचं कर्ज, सावकाराचं व्याज, बियाण्याच्या पिशवीची उधारी आणि पावसाची उघडीप यांचा हिशेब तो रोज मनातल्या मनात मांडतो. तो हिशेब तुमच्यातल्या कोणाला मांडता येईल? वहीत तो कुठेच नाही. वहीत फक्त त्याचं धोतर आहे.

हे तुम्ही कुठे शिकलात तेही मला ठाऊक आहे. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात वऱ्हाडी बोलणारा माणूस बहुतेक वेळा घरगडी असतो, नाहीतर येडपट. ते पाहून पाहून आपली बोली म्हणजेच विनोद, अशी तुमची समजूत झाली. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली. त्यातली कौतिक वऱ्हाडीतच बोलते, आणि तिच्या बोलण्यावर महाराष्ट्रात कोणी हसलं नाही, कारण तिच्या तोंडी तिचं दुःख आणि तिचा करारीपणा आहे. विठ्ठल वाघांनी याच अकोल्यात राहून वऱ्हाडीत कविता लिहिली आणि ती राज्यभर ऐकली गेली. ही तुमच्या बोलीची उंची आहे. ती बोली तुम्ही माणूस बावळट दाखवण्यासाठी वापरलीत, आणि तेही घरात स्वतः तसंच बोलत असताना.

एका वहीत आपल्या कॉलेजच्या शिपाईदादांच्या अडखळत बोलण्यावर दोन पानं आहेत. नाव घातलेलं नाही, पण वर्गातल्या प्रत्येकाला कळेल असं लिहिलं आहे. लिहिणाऱ्याने आज तास संपल्यावर त्यांना भेटून माफी मागायची आहे. मी सोबत येणार नाही आणि ‘मागितली का’ म्हणून विचारणारही नाही. तुझी लाज तुझ्याजवळ किती शिल्लक आहे, ते तुझं तुलाच कळू दे.

उपहासाची पहिली अट मी जूनमध्ये फळ्यावर लिहून दिली होती. ज्याच्या हातात काहीतरी आहे, सत्ता, पैसा, शिक्का, काठी, नाहीतर नुसती खुर्ची, त्याच्याकडे तोंड करून उपहास लिहायचा. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर लिहिलं की ती टिंगल होते, आणि टिंगल करायला बारावीपर्यंत शिकावं लागत नाही. तुम्ही ही अट वहीत उतरवून घेतलीत. लिहायला बसलात तेव्हा पान उलटून पाहिलं नाहीत.

अडत्यावर एक लेख नाही. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरवर नाही. लग्नात हुंडा मोजून घेणाऱ्या शिकलेल्या नवऱ्यावर नाही. परीक्षेच्या काळात शाळेच्या खिडकीखाली चिठ्ठ्या पुरवणाऱ्या बापांवर नाही. बायकांवर मात्र भरपूर आहे. बायको माहेरी गेली की नवऱ्याला आनंद, बायकोची खरेदी, बायकोची बडबड. त्यातला एक विनोद तर तीन वह्यांमध्ये शब्दाला शब्द सारखा आहे, म्हणजे तो मोबाइलवरून उतरवला आहे. चोरी तर चोरी, आणि चोरलंत काय, तर शिळं.

हे वाचताना मला ताराबाई शिंदे आठवत होत्या. त्या आपल्या वऱ्हाडातल्याच, बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचाराचे होते. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, जन्मलेलं मूल मारल्याबद्दल, फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण तेवढ्या काळात वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखल उडाला. विधवेला पुन्हा लग्न करू न देणारे आणि तिला फसवून निघून जाणारे पुरुष त्या लेखांमध्ये कुठेच नव्हते. बुलढाण्यात बसलेल्या या बाईने ते वाचलं आणि १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुण्याला छापून घेतलं.

त्या पुस्तकाची रीत पाहा, कारण ती तुम्हाला शिकायची आहे. स्त्रियांवर जे जे आरोप होत होते ते त्यांनी एकेक करून घेतले. एकही टाळला नाही, एकही मोघम ठेवला नाही. मग तोच आरोप पुरुषांना लावून पाहिला, आणि प्रत्येक वेळी माप पुरुषाच्या पदरात जास्त भरलं. शास्त्र, पुराणं, नाटकं, कचेरीतली लाचखाऊ माणसं, सुधारणेच्या नुसत्या गप्पा मारणारे, सगळे त्यात आले. भाषा बोचरी आहे, काही ठिकाणी हसूही येतं. पण प्रत्येक वाक्याच्या मागे वाचन आहे, आणि त्या वाचनाच्या मागे एका मुलीच्या गळ्यापर्यंत आलेला दोर आहे. जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी असा गदारोळ केला की पुढे त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पहिलं पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा कुठे महाराष्ट्राला त्याची आठवण झाली. तुमच्या गावापासून काही तासांच्या अंतरावर राहून एका बाईने जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी हे लिहिलं, आणि आज तुम्ही त्याच मातीत उभं राहून बायकोच्या बडबडीवर विनोद उतरवता. वर्गातल्या मुलींनीही ते विनोद लिहिले आहेत. त्यांना मी वेगळं काय सांगू?

आता वाचण्याबद्दल. लिहिण्यापेक्षा तिथे तुमची जास्त दुर्दशा आहे.

सहामाहीला मी जोनाथन स्विफ्टच्या १७२९ सालच्या निबंधाचा मराठीत सांगितलेला सारांश दिला होता. आयर्लंडमध्ये दुष्काळ, भूक, इंग्लंडमध्ये बसून खंड वसूल करणारे जमीनदार. स्विफ्ट डब्लिनच्या मोठ्या चर्चचा प्रमुख होता. निबंधातला माणूस अगदी शांतपणे सुचवतो की गरिबांची मुलं वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटात वाढावीत. हिशेबही देतो. वर्षाला १,२०,००० मुलं जन्मतात, २०,००० पुढच्या पैदाशीसाठी राखावीत, उरलेली १,००,००० विकावीत. मी विचारलं होतं, हा निबंध कोणावर आहे? तुमच्यातल्या बहुतेकांनी लिहिलं, ‘लेखक क्रूर आहे, त्याला गरिबांबद्दल दया नाही.’ एकाने तर लेखकाला शिक्षा व्हावी असं सुचवलं.

तुम्ही शेवटपर्यंत वाचलंच नाही. शेवटी तो माणूस म्हणतो की दुसरे उपाय माझ्यापुढे मांडू नका, आणि मग तेच उपाय एकेक करून मोजतो. परदेशात बसलेल्या जमीनदारांवर कर लावा, देशात बनलेल्या वस्तू वापरा, कुळांवर दया करा. तेच स्विफ्टचे खरे उपाय होते. वर्षानुवर्षं त्याने ते सरळ भाषेत मांडले होते आणि कोणी ऐकलं नव्हतं. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, हे ज्याला कळत नाही त्याला उपहास वाचताच येत नाही. असा वाचक उद्या खऱ्या क्रूर माणसाचं भाषण ऐकून टाळ्या वाजवेल आणि त्या क्रौर्यावर लिहिणाऱ्याला तुरुंगात पाठवा म्हणेल. म्हणून त्या उत्तराला मी शून्य दिलं. अर्धा गुण वाढवून मागायला आलेल्या पालकांनाही मी हेच सांगितलं.

यासाठी डब्लिनपर्यंत जायचीही गरज नव्हती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वाढले, जळगाव जामोदला वकिली केली. त्यांचा पहिला विनोदी लेख ‘साक्षीदार’, १९०२ सालचा. कोर्टात उभे राहणारे साक्षीदार त्यांनी रोज पाहिले होते, म्हणून तो लेख उभा राहिला. ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या जुन्या चालीरीतींची मनापासून बाजू घेतात. शिमगा असो, श्रावणी असो, सुदामा प्रत्येक रूढीचं समर्थन करायला निघतो, आणि त्याच्या समर्थनातच ती रूढी उघडी पडते. कोल्हटकर स्वतः सुधारक होते, सुदामा नाही. वाचकाने दोघांना वेगळं ठेवायचं असतं. मराठी विनोदाची ही शाळा आपल्याकडे सुरू झाली. गडकऱ्यांनी कोल्हटकरांना गुरू मानलं, चिं. वि. जोशी आणि अत्रे त्याच वाटेने पुढे गेले. दिवाकरांच्या नाट्यछटा तर पानभराच्या असतात. ‘पंत मेले – राव चढले’ पाठ्यपुस्तकातून किती पिढ्यांनी वाचली असेल. एका घरात मरण, त्याच मरणामुळे दुसऱ्या घरात बढतीचा आनंद. लेखक मधे एक शब्द बोलत नाही. दिवाकर स्वतः शाळामास्तर होते. विद्यार्थ्याला कुठवर सांगायचं आणि कुठे थांबायचं हे त्यांना कळत होतं.

आणखी एक ढीग वेगळा काढला आहे. यातल्या मुलांनी सत्तेकडे तोंड केलं, हे मान्य. पण काय लिहिलं? मंत्री चोर, आमदार लुटारू, अधिकारी गिधाडं. पानभर शिव्या. एका लेखात त्या मंत्र्याचं खातं कोणतं हेसुद्धा चुकलं आहे. शिवी द्यायला माहिती लागत नाही, म्हणून तिने कोणाचं काही बिघडत नाही. ज्याच्यावर लिहिलं तो माणूस वाचून हसला असता आणि तुमच्याशी फोटो काढायला आला असता.

डवरणी तुमच्यातल्या अनेकांनी केली आहे. डवऱ्याची पास तासांच्या मधून जाते, तण कापते, पऱ्हाटीला धक्का लावत नाही. आधी पीक कोणतं आणि तण कोणतं हे ओळखता आलं पाहिजे. नाहीतर शेत साफ होतं आणि पीकही जातं. उपहासाचं शस्त्र याच हाताने धरायचं असतं.

कापसाचंच घ्या. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला, मध्यम धाग्याचा ७,७१०. हा पूर्ण भाव भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर मिळतो तो ओल आठ टक्क्यांपर्यंत असली तर. त्यापुढे टक्क्याला टक्का कपात, आणि ओल बारा टक्क्यांच्या वर गेली की गाडी परत. बारा टक्के ओल म्हणजे लांब धाग्याला क्विंटलमागे सव्वातीनशे रुपयांच्या घरात कट्टी. आता आपल्याकडे पहिला वेचा कधी होतो? दसरा-दिवाळीच्या दरम्यान. परतीचा पाऊस, सकाळचं दव. कास्तकाराला दिवाळी करायची असते, मजुरांचे वेचाईचे पैसे द्यायचे असतात. तो ओला कापूस घेऊन जातो, मॉइश्चर मोजणारं यंत्र आकडा दाखवतं, गाडी परत फिरते आणि रस्त्यातच खेडा खरेदीवाला उभा असतो. तो यंत्र लावत नाही. हाताने कापूस दाबून भाव सांगतो. हमीभावाची हमी नेमकी कोणाला मिळाली? या प्रश्नात पुस्तकभर उपहास आहे, आणि एकही शिवी न देता तो लिहिता येतो. पण त्यासाठी आठ आणि बारा हे दोन आकडे ठाऊक असावे लागतात. काट्याजवळ उभं राहावं लागतं.

एकीने हे थोडंफार केलं आहे. तिच्या वहीत त्या यंत्राची मुलाखत आहे. यंत्र म्हणतं, मी कधीच खोटं बोलत नाही, मला फक्त ऑक्टोबरमध्ये कामाला लावतात. तिच्या बापाने परत आणलेल्या गाडीचं भाडं किती पडलं, तेही तिने लिहिलं आहे. सगळ्या वह्यांमधला तो एकमेव लेख जिवंत आहे. तरी तोही मी छापणार नाही, कारण शेवटी तिने अर्धं पान उपदेश लिहिला: सरकारने लक्ष द्यावे, शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे, इत्यादी. मुली, तुझं यंत्र बोलत होतं तोवर मी मान खाली घालून ऐकत होते. तू मधे येऊन त्याचं तोंड बंद केलंस. ते अर्धं पान काढ आणि वही परत आण.

‘आपल्याकडे उपहासाची परंपराच नाही, मॅडम, हे पुण्या-मुंबईचं आहे,’ असं कोणीतरी मागच्या आठवड्यात म्हणालं. पोळ्याला तुम्ही गावी गेला होतात ना? आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैल उभे असतात, शिंगांना हिंगूळ, अंगावर झुली. कोणीतरी म्हातारा पुढे होतो आणि झडती, म्हणजे यमकातले टोमणे, सुरू करतो. सावकार, पाटील, आमदार, खताचा भाव, कापसाचा भाव, रात्रीच गुल होणारी वीज, कोणी सुटत नाही. प्रत्येक झडतीनंतर सगळा गाव ‘हर हर महादेव’ म्हणून होकार देतो. ज्याच्यावर झडती असते तो पाटील मानाच्या बैलाचा कासरा धरून तिथेच उभा असतो. त्याच्या तोंडावर म्हणायचं, वऱ्हाडीत म्हणायचं, यमक जुळवून म्हणायचं, आणि खोटं निघालं तर गाव साथ देणार नाही. या सगळ्या अटी सांभाळून अंगठा लावणारी माणसं शेकडो वर्षं ते करत आली. ज्या धोतरवाल्या म्हाताऱ्याला तुम्ही सरकत्या जिन्यावर पाडलंत, तोच तिथे झडती देत होता. तुम्ही बाजूला उभं राहून बैलासोबत सेल्फी काढत होतात. एकाही वहीत झडतीचा उल्लेखसुद्धा नाही.

गाडगेबाबांचं नाव तुमच्या दादा-ताईंच्या डिग्रीवर छापलेलं असतं, कारण अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात त्यांचा जन्म, १९५६ साली वलगावजवळ देहान्त. शाळेत गेले नाहीत. कीर्तनात ते प्रश्न विचारायचे आणि लोकांकडून उत्तरं घ्यायचे. लोक एकेक उत्तर देत जायचे आणि शेवटी आपल्याच उत्तरात सापडायचे. कर्ज काढून केलेलं तीर्थ, नवसाचं बकरं, दारू, शिवाशिव, देवाच्या नावाने भरणारे खिसे, सगळं त्यांनी असं उघडं केलं, तेही याच वऱ्हाडी बोलीत. लोक खळखळून हसायचे आणि घरी जाताना गप्प असायचे. पण आधी एक गोष्ट झालेली असायची. बाबा गावात आले की दिवसभर खराट्याने गाव झाडायचे, कीर्तन रात्री. गावाची घाण ज्याने स्वतःच्या हाताने उचलली त्याच्या तोंडून गाव आपली टिंगल ऐकून घेतं. तुम्ही कोणाचं काय उचललं आहे? मोर्णा नदीवर लिहिलेले काही लेख आहेत. नदीला गटार म्हटलं की झालं, अशी त्यांची समजूत दिसते. २०१८ च्या जानेवारीत या नदीच्या सफाईसाठी हजारो अकोलेकर उतरले होते, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला होता. तेव्हा तुम्ही प्राथमिक शाळेत असाल. त्या मोहिमेत उतरलेले लोक आजही या शहरात आहेत, त्यातल्या एकाशी तरी बोललात? पुलावर उभं राहून आज नदीत काय आहे ते पाहिलंत? मोहिमेनंतरच्या वर्षांत काय झालं, कोणी काय थांबवलं, नाल्यांचं पाणी कुठून येतं, हे विचारल्याशिवाय मोर्णेवर एक ओळ लिहू नका.

दुखावण्याबद्दलही बोलावं लागेल, कारण तुमच्यातले काही जण म्हणाले, ‘उपहासात कोणीतरी दुखावणारच.’ एवढं सोपं नाही ते. २०१२ साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकात व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ सालचं चित्र होतं. संविधान नावाच्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसलेले, हातात चाबूक, आणि मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. संविधान तयार व्हायला इतका वेळ का लागला असावा, असा प्रश्न मुलांना विचारला होता. पुस्तकाचे सल्लागार असलेले सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. चित्र काढून टाकलं गेलं. पुढे पाठ्यपुस्तकांतल्या व्यंगचित्रांची तपासणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते आपल्या अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात.

कार्यालय फोडणं चूक होतं, याबद्दल या वर्गात वाद चालणार नाही. पण ज्या मुलाच्या घरी बाबासाहेबांचा फोटो देव्हाऱ्याच्या जागी आहे, त्याने त्या चित्रात बाबासाहेबांच्या मागे उगारलेला चाबूक पाहिला तर त्याला काय आठवतं, हे शिक्षकाने आणि बाकीच्या वर्गानेही ऐकून घेतलं पाहिजे. त्याच्या पूर्वजांच्या पाठीवर चाबूक खरोखर पडला आहे. तुमच्यासाठी जे नुसतं चित्र आहे ते त्याच्यासाठी तेवढंच नाही. आणि ऐकून झाल्यावर, संविधानाला इतका वेळ का लागला, या प्रश्नाचं उत्तरही वाचायचं. ते बाबासाहेबांनी स्वतः दिलं आहे, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात. दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस लागले हे त्यांनी लपवलं नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांना किती वेळ लागला ते सांगितलं. ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे आकडे समोर ठेवले. टीकेला असं उत्तर देता येतं. व्यंगचित्र आणि ते भाषण शेजारी शेजारी ठेवून शिकवलं तर वर्ग उपहासही शिकेल आणि उपहास कुठे अपुरा पडतो तेही शिकेल. तुमच्यातल्या कितींनी ते भाषण वाचलं आहे? हात वर करा. बरं. जयंतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्यांनीसुद्धा हात वर केला नाही, हे मी पाहिलं.

आता कामाचं. सगळ्या वह्या परत घ्या. नवा लेख पुढच्या सोमवारी माझ्या टेबलावर हवा, दोन पानांचा. विषय तुमच्या गावातला, आणि तो तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. लेखाआधी एका वेगळ्या कागदावर तीन गोष्टी लिहून द्यायच्या: हा लेख कोणाकडे तोंड करून आहे, त्याच्या हातात काय आहे, आणि त्याच्याबद्दलची कोणती गोष्ट तुम्ही स्वतः जाऊन तपासली. तो कागद नसेल तर लेख मी वाचणार नाही. खारपाणपट्ट्यातल्या मुलांनी गावातल्या खाऱ्या पाण्यावर लिहायला हरकत नाही, पण पाण्याच्या टाकीचं उद्घाटन कोणत्या वर्षी झालं आणि त्यात पाणी कधी आलं हे ग्रामपंचायतीत विचारून या. वऱ्हाडीत लिहायचं असेल तर अवश्य लिहा. फक्त त्या बोलीत बोलणारा माणूस तुमच्या लेखातला सगळ्यात शहाणा माणूस असला पाहिजे. वाचनालयात ‘स्त्री-पुरुष तुलना’ आणि ‘सुदाम्याचे पोहे’ दोन्ही आहेत. कार्ड पाहिलं तर वर्षभरात ती कोणी नेलेली नाहीत.

टोपणनाव चालणार नाही. १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं होतं. वार्षिकांकात ज्याचा लेख येईल, त्या लेखाखाली त्याचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव छापलं जाईल.